चार पिशव्या चीक

श्रीरामशी माझं लग्न होऊन सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत त्याला मी तीनदा खोटं बोलताना पकडलं. दोनदा सिगरेटवरून आणि एकदा पोलिसाने दिलेल्या स्पीडिंगच्या तिकिटावरून. असल्या खोट्यांनी संसार मोडत नाहीत, उलट बायकोला वर्षभर टोमणे मारायची सोय होते. चौथं खोटं मात्र वेगळं होतं. ते कुणाला सांगू नकोस असं त्याने हात जोडून सांगितलंय, म्हणून तर सांगतेच आहे.

आम्ही दोघंही आयटीतले. परदेशात येऊन हर्नडनला अठरा वर्षं काढली. श्रीराम पक्का पुणेकर, मी दर्यापूरची. माझे बाबा गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते, त्यामुळे गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून आलेला माणूस लाइफबॉयने हात धुऊन शेजारी जेवायला बसतो, यात मला कधी काही वावगं वाटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर मला टेस्टिंगच्या कामाचा उबग आला. श्रीरामचं काम घरूनच होतं. स्टेट कॉलेज नावाच्या गावापासून पाऊण तासावर, डोंगराच्या कुशीत एक फार्म विकायला होतं. मी म्हटलं, घेऊ या आणि गाई पाळू या.

श्रीरामच्या डोक्यात जर्सी होत्या. घरचं दूध, घरचं लोणी, पुरणपोळीवर घरचं तूप. मी म्हटलं, "राजा, दुभत्या गाईला रोज दोनदा पिळावं लागतं. रविवारी पण, बर्फात पण, तुला ताप असला तरी पण. सकाळची धार आणि तुझी स्टँड-अप मीटिंग एकाच वेळी. कोण काढणार?" मग मी त्याला समजावलं, की मांसासाठीच्या जातीच्या गाईंचं तसं नसतं. गाय तिचं वासरू ती पाजते. आपण कुंपण बघायचं, चारा बघायचा, आणि मार्च-एप्रिलमध्ये बाळंतपणं बघायची. आजूबाजूला सगळ्यांकडे काळ्या अँगस होत्या, पण त्यातल्या काही विल्यावर माणसाच्या अंगावर धावून येतात. मला गोठ्यात एकटीला वावरायचं होतं. म्हणून मी हियरफर्ड निवडल्या. तांबडं अंग, पांढरं तोंड आणि गरीब स्वभाव. बारा गाई घेतल्या, सगळ्या गाभण.

घ्यायच्या आधी त्याला समोर बसवून विचारलं होतं. म्हटलं, "यांना होणारे गोऱ्हे दीड वर्षाचे झाले की खाटकाकडे जाणार. हे बीफचं फार्म आहे, गोशाळा नाही. तुला जमेल ना? लोक बोलतील."

"तू म्हणशील ती पूर्व दिशा," तो म्हणाला. "काम ते काम. लोकांचं मी बघतो."

लोकांचं मी बघतो. हे वाक्य मी तीन वर्षं छातीशी धरून होते. आम्ही दोघंही बीफ खात नाही, पण जे करतो ते झाकत नाही, अशी माझी समजूत. पार्सिपनीच्या आमच्या मराठी ग्रुपला तोच जायचा. साडेतीन तासांचा ड्राइव्ह. सणाला, नाटकाला, कुणाच्या डोहाळजेवणाला. मला गुरं सोडून जाता यायचं नाही. हर्नडनच्या दिवसांपासूनची माझी मैत्रीण पद्मिनी आता तिकडेच राहते, पण तिचेही फोन कमी झाले होते. मला वाटायचं, बीफ म्हटल्यावर तुटली असतील माणसं, तुटू देत. श्रीराम परत आला की मी विचारायची, "काय म्हणाले लोक?" तो बूट काढत म्हणायचा, "लोक काय, बोलतात." आणि मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठी तिकडे एकटा भांडून येतोय. मी त्याला गरम गरम पिठलं करून वाढायची.

आता चिकाचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. नुकत्या व्यालेल्या गाईचं पहिलं दूध म्हणजे चीक, हे तुम्हाला माहीत आहे, खरवस खाल्लाच असेल. पण वासराच्या दृष्टीने चीक म्हणजे जीव असतो. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी लढायची काहीही ताकद नसते. ती सगळी चिकातून येते, आणि तीही पहिल्या काही तासांतच. सहा तासांत पोटात गेला तर उत्तम, बारा तासांनी अर्धा उपयोग, दिवस उलटला की आतड्याचं दार बंद. मग तुम्ही घागरभर चीक पाजा नाहीतर अमृत पाजा. बाबा म्हणायचे, आधी वासरू, मग वाटी. आमच्याकडे वासराचं पोट भरून उरला तरच खरवस व्हायचा.

म्हणून मी फ्रीजरमध्ये चीक साठवून ठेवते. आमच्या खालच्या रस्त्याला एक आमिश कुटुंब आहे, धर्मापायी मोटार-वीज न वापरणारी माणसं, त्यांच्याकडे जर्सी गाई. त्यांची गाय व्याली की जास्तीचा चीक त्यांच्यातले म्हातारेबुवा मला देतात. तो मी सपाट झिप पिशव्यांत भरते, वर मार्करने तारीख टाकते आणि गराजमधल्या मोठ्या फ्रीजरच्या तळाशी ठेवते. यंदा चार पिशव्या होत्या. पावडरीचा चीक दुकानात मिळतो, त्याचं एक पाकीट होतं, ते मार्चमध्ये जुळ्यांना लागलं. पण पिशव्या आहेत म्हणून मी निर्धास्त होते. श्रीरामला मी तीनतीनदा सांगितलं होतं, बाकी फ्रीजर तुझा, तळाला हात लावायचा नाही.

पाडव्याचा कार्यक्रम पार्सिपनीला एका शनिवारी होता. श्रीराम झब्बा घालून गेला, रात्री तिकडेच राहिला, रविवारी आला. त्याच्या पुढच्या रविवारी पहाटे अठरा नंबर व्यायला लागली.

मी गुरांना नावं ठेवत नाही. जे विकायचं त्याला नाव ठेवलं की स्वतःचेच हाल होतात. पण अठरा नंबर माझी खास होती. या फार्मवर जन्मलेली पहिली कालवड. माझ्या हातात जन्मली आणि आता पहिलारू होती. तिला मादी झाली असती तर ती मी ठेवणार होते. घरच्या जन्माची, घरच्या गाईची. माझा कळप खऱ्या अर्थाने माझा व्हायला तिथून सुरुवात होणार होती.

वासरू मोठं होतं. दोन तास कळा देऊन कालवड थकली. मी साखळी पायांना लावून, तिच्या कळेबरोबर ओढत ओढत वासरू बाहेर काढलं. साडेपाच वाजले होते, बाहेर उजाडत होतं, गारठा मरणाचा. नाकातोंडातला चिकटा काढला, पेंढ्याने खसाखसा चोळलं, बेंबी आयोडीनमध्ये बुडवली. शेपूट वर करून पाहिलं. कालवड! मी एकटीच हसले. आईने चाटायला पण सुरुवात केली, शहाणी बाई.

मग मी कास पाहिली. रिकामी. पहिलारूचं कधी कधी असं होतं, दूध उतरतच नाही. चारही सड पिळून चहाचा अर्धा कप निघाला. वासराला निदान तीन लीटर लागतो. म्हटलं, काळजी नाही, चार पिशव्या आहेत. श्रीरामला हाक मारून उठवलं, "गरम पाण्याची बादली लाव, चीक विरघळवायचाय." आणि मी गराजमध्ये गेले.

फ्रीजरच्या तळाशी मटार होते. मटार काढले, खाली कॉर्न. कॉर्न काढलं, खाली फ्रीजरचा पांढरा तळ.

श्रीराम माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. मी म्हटलं, "पिशव्या कुठे गेल्या?"

तो म्हणाला, "मागच्या महिन्यात जुळी झाली, तेव्हा तूच वापरल्यास ना?"

"तेव्हा पावडर वापरली."

"पावडर पण आणि पिशव्या पण. आठव ना जरा. हल्ली तू विसरतेस शैलजा."

आणि मला ते खरं वाटलं. ही गोष्ट माझ्या जिवाला अजून डाचते. चौपन्न वय, हल्ली किल्ल्या सापडत नाहीत, पासवर्ड आठवत नाहीत, मला वाटलं, असेन बाई विसरले. तरी धीर होईना, म्हणून बेसमेंटमधला दुसरा फ्रीजर उपसला. मग स्वयंपाकघरातला. श्रीराम माझ्याबरोबर शोधत होता, हो, शोधत होता! कोपऱ्यात टॉर्च धरत होता, इडलीच्या पिठाचे डबे बाजूला करून देत होता, "इथे बघितलंस का?" म्हणून विचारत होता. दोन तास गेले त्यात. वासरू पेंढ्यात थरथरत होतं.

शेवटी मी ट्रक काढून आमिश शेजाऱ्यांकडे गेले. पोचले तेव्हा आठ वाजून गेले होते. त्यांच्याकडे त्याच आठवड्यात गाय व्यालेली, गुरुवारीच म्हातारेबुवा मला म्हणाले होते. पण रविवार. त्यांची प्रार्थना कुणा ना कुणाच्या घरी असते, दर वेळी वेगळ्या, आणि घरात फोन नसतो. अंगणात घोड्यांच्या टापांचे ताजे ठसे होते आणि बग्गी नव्हती. अर्धा तास आधी गेले असतील. गुरांच्या सामानाचं दुकान रविवारी बंद. डॉक्टरांना फोन केला, ते दीड तासावर दुसऱ्या गाईच्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. ते पावडर घेऊन आले तेव्हा दुपारचे साडेतीन झाले होते. नळीने पाजलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "लेट्स होप."

मंगळवारपर्यंत ती उभी होती. बुधवारी हगवण लागली. मी दर चार तासांनी मीठ-साखरेचं पाणी पाजत होते, अँटिबायोटिक देत होते, माझं जुनं स्वेटर बाह्या कापून तिला घातलं होतं. गुरुवारी डोळे आत गेले. शुक्रवारी सकाळी मांडीवर तिचं डोकं घेऊन बसले होते, तेव्हा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, अंगात लढायला काही नव्हतंच, चीक वेळेवर गेला असता तर बहुतेक वाचली असती. त्या दिवशी अठरा नंबर कुंपणाशी उभी राहून घसा बसेपर्यंत हंबरत होती. मी श्रीरामच्या गळ्यात पडून रडले. म्हणाले, "माझ्यामुळे गेली रे. मी पिशव्या मोजायला हव्या होत्या." त्याने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "होतं असं. स्वतःला दोष नको देऊस."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

शनिवारी दुपारी पद्मिनीचे फोटो आले. मी त्या ग्रुपमध्ये नाही, कधीच सोडला, म्हणून बिचारीने मला वेगळे पाठवले. गुढी, लेझीम, पैठण्या. सहाव्या फोटोत जेवणाचं टेबल होतं. त्यावर ॲल्युमिनियमचे दोन मोठे ट्रे, पिवळाधमक खरवस, वर केशर, वर वेलची. ट्रेसमोर उभं केलेलं सुबक कार्ड: श्रीराम-शैलजा यांच्या डेअरीतून. शेजारी झब्बा घातलेला माझा नवरा, हातात डिश, तोंडभर हसू. खाली पद्मिनीने लिहिलं होतं, "सगळ्यांनी बोटं चाटली गं. जरा घट्ट झाला होता, पण चव बेस्ट!"

शेळी जाते जिवानिशी अन् खाणारा म्हणतो वातड.

श्रीराम जेवायच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. मी फोन त्याच्यासमोर ठेवला. त्याने फोटो पाहिला. लॅपटॉप हळूच मिटला. नाकारायचा प्रयत्न केला नाही, एवढं मात्र खरं.

"मी परत भरून ठेवणार होतो," तो म्हणाला. "म्हातारेबुवांना विचारून ठेवलं होतं."

"डेअरी म्हणजे काय?"

"तिकडे मी तसं सांगितलंय."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून. काय सांगू मग? गाई कापायला विकतो म्हणून सांगू? तुला काय, तू येत नाहीस. त्यांच्यात तोंड मला दाखवावं लागतं. गुरुदत्तने सगळ्यांसमोर विचारलं, डेअरी आहे ना तुमची, मग पाडव्याला चीक आणा की. सगळे माझ्याकडे बघत होते. नाही कसं म्हणू?"

गुरुदत्त म्हणजे पद्मिनीचा नवरा. हर्नडनला असताना दोघं एका कारने ऑफिसला जायचे. श्रीरामला त्याच्यापुढे कधी कमी पडलेलं चालायचं नाही, हे मला जुनं ठाऊक होतं.

"तो शनिवार सोड," मी म्हटलं. "चोरलास, दिलास, ठीक आहे. पण पहाटे सहा वाजता तू एक वाक्य बोलला असतास, मी दिला, संपला, तर मी सव्वासहाला शेजारी पोचले असते. ते घरी होते. त्यांच्याकडे चीक होता. तू दोन तास माझ्याबरोबर फ्रीजर उपसत बसलास श्रीराम. टॉर्च धरून."

"मी घाबरलो," तो म्हणाला.

"आणि आठवडाभर? मी विसरभोळी झाले, मी मारलं तिला, असं मी म्हणत होते, तेव्हा?"

मला त्याला मारावंसं वाटलं, खरंच सांगते. त्याऐवजी मी पद्मिनीला फोन लावला आणि बेडरूममध्ये जाऊन दार लोटून घेतलं. ठरवलं होतं, आता स्वतः सांगायचं, मग ती तुटो, सगळी पार्सिपनी तुटो.

पद्मिनी नेहमीसारखी भरभरून बोलायला लागली. मे महिन्यात सगळ्यांना मिळून आमच्याकडे यायचंय, श्रीरामला पाडव्यालाच सांगून ठेवलंय, मुलांना गाई दाखवायच्यात. मी तिला मध्येच तोडलं. म्हटलं, "पद्मिनी, ऐक. आमची डेअरी नाही. या बीफच्या गाई आहेत. आम्ही त्या मांसासाठी पाळतो. श्रीराम तुमच्याशी तीन वर्षं खोटं बोललाय."

मग ती म्हणाली, "अगं, माहीत आहे आम्हाला."

"काय माहीत आहे?"

"तेच. पहिल्याच वर्षी त्याने ग्रुपवर फोटो टाकले ना, पांढऱ्या तोंडाच्या गाईंचे, तेव्हा गुरुदत्तने गूगल केलं. पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून सगळ्यांना माहीत आहे. कुणाला त्याचं काही नाही गं, इथे कोण काय काय खातं ते मला विचार. पण तो एवढा रंगवून सांगतो, सकाळची धार, लोण्याचा गोळा, मग आम्ही म्हटलं, असू दे, त्याला बरं वाटतंय तर वाटू दे."

"मग चीक कशाला मागितला?"

"यार, ते गुरुदत्तचं आपलं काहीतरी. गंमत. म्हणाला, बघू या आता काय करतो. आणि खरंच घेऊन आला की गं! आम्ही सगळे चाटच पडलो. कुठून आणला होता, तुला माहीत आहे?"

मी सांगितलं. सगळं, वासराच्या स्वेटरपर्यंत. पद्मिनी रडायला लागली. तिची समजूत घालायला माझ्यापाशी काही उरलं नव्हतं. मला हेही म्हणायचं होतं, की तू तरी मला एकदा फोन करून विचारायचं होतंस, तुझा नवरा असं का बोलतो म्हणून. वीस वर्षांची मैत्रीण माझी. पण ते म्हटलं नाही, फोन ठेवला.

बाहेर आले तर श्रीराम तसाच बसलेला, मिटलेल्या लॅपटॉपवर दोन्ही हात ठेवून.

"सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगायची गरज नव्हती. त्यांना माहीत आहे. पहिल्या वर्षापासून."

"कुणाकुणाला?"

"सगळ्यांना."

"गुरुदत्तला पण?"

"त्यानेच शोधून काढलं. चीक त्याने गंमत म्हणून मागितला. तू काय करतोस ते बघायला."

श्रीरामचा चेहरा पडत गेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी उभीच होते. मला वाटलं, आता तरी त्याला ती आठवेल. आता तरी म्हणेल, शैलजा, एका चेष्टेपायी आपण ती कालवड घालवली. निदान तिच्या आईचा नंबर तरी घेईल. तो दोन्ही हातांनी तोंड झाकून म्हणाला, "आता मे महिन्यात मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"आधी मला दाखव," मी म्हटलं.

त्याने हात काढले नाहीत.